लहान स्वयंपाकघर आणि भांडी धुण्याचे यंत्र

जेवण आटोपून माणसे हात धुऊन उठतात, पण स्वयंपाकघराचे काम तेव्हा निम्मेच झालेले असते. उष्ट्या ताटांचा आणि खरकट्या पातेल्यांचा ढीग मोरीत पडलेला असतो, आणि तो उपसणे कोणाच्या तरी वाट्याला येते. वाटण वाटायला, कणीक मळायला, कपडे धुवायला आपल्या घरांतून यंत्रे आली. भांड्यांचे काम मात्र फार दिवस हातांवरच राहिले. २०२० साली करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली, कामाला येणाऱ्या बायकांना घराबाहेर पडता येईना, आणि मग भांडी धुण्याच्या यंत्राची, म्हणजे ज्याला आपण सारे डिशवॉशर म्हणतो त्याची, चौकशी मध्यमवर्गीय घरांतून एकाएकी सुरू झाली.

ही चौकशी बहुधा उलट्या टोकाने होते. "कोणत्या कंपनीचं चांगलं?" हा पहिला प्रश्न, आणि "केवढ्याला पडतं?" हा दुसरा. दुकानदारही याच दोन प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ करून बसलेला असतो. परंतु मुंबई-ठाण्याच्या किंवा पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे स्वयंपाकघर म्हणजे आठ फूट बाय सहा फुटांचा बोळ, तिथे एवढ्याने निभावत नाही. तिथे आधी आपले घर मोजावे लागते. काय काय मोजायचे, यंत्र बसवायचे कसे, आणि त्याच्याकडून अपेक्षा किती ठेवायची, हे आज मी आपणांस सांगणार आहे.

मोजण्याची ही गोष्ट या यंत्राच्या जन्मापासूनचीच आहे, बरं का. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल गावी जोसेफीन कॉक्रेन नावाची एक बाई राहत असे. घर सुखवस्तू; पण १८८३ साली नवरा वारला आणि मागे कर्ज राहिले. भांडी धुण्याच्या यंत्राची कल्पना तिच्या डोक्यात घोळत होतीच, ती तिने आता मनावर घेतली. घरामागच्या लाकडाच्या खोपटात जॉर्ज बटर्स या कारागिराच्या मदतीने तिने यंत्र उभे केले आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचे पेटंट मिळवले. असे प्रयत्न तिच्या आधीही झाले होते. हिने काय केले, तर आधी आपल्या घरातल्या बशा, कप आणि ताटल्या मोजल्या आणि त्या मापाचे तारेचे कप्पे बनवले. भांडे जागच्या जागी नीट बसलेले, आणि त्यावर गरम साबणाच्या पाण्याचा जोरदार मारा. आजच्या यंत्राचेही तत्त्व हेच आहे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र गाजले, पण गिऱ्हाइके मिळाली ती मुख्यतः हॉटेले आणि उपाहारगृहे. घरांत ते शिरायला पुढे कित्येक वर्षे लागली. त्याचे एक कारण असे की, इतके गरम पाणी पुरवण्याची सोयच त्या काळच्या बहुतेक घरांत नव्हती. यंत्र चांगले असून भागत नाही, घरही त्याला अनुकूल असावे लागते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

तर मग आपण आपले घर मोजू या. पहिले माप भांड्यांचे.

या यंत्रांची क्षमता 'प्लेस सेटिंग'मध्ये सांगतात. ओट्यावर ठेवण्याचे लहान यंत्र सहा किंवा आठ सेटिंगचे असते. जमिनीवर उभे राहणारे मोठे यंत्र बारा ते सोळांचे. आठ सेटिंग म्हणजे आठ माणसांची भांडी असे आपण समजतो. पण तो हिशोब युरोपातल्या टेबलाचा आहे. एका माणसामागे उथळ बशा, एक पेला, एक कप आणि काटे-चमचे, अशी त्यांची मांडणी. आपल्याकडे काठाचे ताट, दोन खोलगट वाट्या, फुलपात्र, शिवाय आमटीचे पातेले, भाताचे कुकरमधले भांडे, कढी उतू गेलेले तसराळे आणि चहाचे गाळणे! खोल भांडी जागा खातात. म्हणून आठ सेटिंगच्या यंत्रात आपल्या तीन-चार माणसांच्या घराची एका वेळची भांडी, पातेल्यांसकट, बसली तर ठीक बसली असे समजावे.

यावर माझी सूचना अगदी साधी आहे. दुकानात जाताना घरातले सर्वांत मोठे ताट आणि रोजच्या वापरातले सर्वांत उंच पातेले पिशवीत घालून बरोबर न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. ताट जाळीत उभे करून बघा आणि वरचा पंखा, म्हणजे पाणी उडवणारा फिरता दांडा, त्याला अडतो का ते हाताने फिरवून पाहा. अडला तर ते यंत्र आपल्यासाठी नव्हे, मग त्याच्यावर कितीही सूट असो.

आणखी एक. घरात भांडी कशाची आहेत तेही बघा. स्टीलला या यंत्राची काही बाधा नाही; काच आणि चिनी माती यांनाही बहुधा नाही. परंतु ॲल्युमिनियमचे भांडे आत घातले तर त्यातल्या अल्कधर्मी साबणाने ते काळे पडते. लोखंडी तवा आणि बिडाची कढई गंजते. पितळेची आणि तांब्याची चकाकी जाते, पोळपाट-लाटणे फुगते नि तडकते. म्हणजे ज्या घरात कुकर आणि कढया ॲल्युमिनियमच्या आहेत, तिथे यंत्र आले तरी घासणी सुटत नाही. हे आधी ठाऊक असलेले बरे.

दुसरे माप जागेचे. ओट्यावरचे लहान यंत्र साधारण ५५ सेंटिमीटर रुंद, ५० सेंटिमीटर खोल आणि आठ सेटिंगचे असेल तर ६० सेंटिमीटरपर्यंत उंच असते. आपला कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा बहुतेक ठिकाणी दोन फूट, म्हणजे साठ सेंटिमीटर खोल. वाटते की बसेल! पण यंत्राच्या पाठीमागून पाण्याच्या दोन नळ्या आणि विजेची तार निघते, त्यांना चार-पाच सेंटिमीटर हवेत. पुढचे दार खाली पडते, तेव्हा ते ओट्याच्या बाहेर येते, आणि जाळी पुढे ओढली की आणखी थोडे. ओट्यापुढे उभे राहायला जागा दोनच फूट असेल, तर दार उघडे असताना मागून कोणाला जाता येणार नाही. म्हणून कागदी खोक्याचा यंत्राएवढा ठोकळा करून दोन दिवस ओट्यावर ठेवून बघावा. पोळ्या लाटायला जागा उरते का, गॅसशी जाताना कोपर लागते का, ते दोन दिवसांत घरातल्या बाईला बरोबर कळते. वर लाकडी कपाट असेल तर त्याचीही काळजी घ्यायला हवी. धुणे संपल्यावर दार उघडले की आतली वाफ वर जाते आणि प्लायवुड फुगवते.

ओट्यावर जागा नसेल तर ४५ सेंटिमीटर रुंदीचे, जमिनीवर ठेवायचे अरुंद यंत्र मिळते. त्याची उंची ओट्याइतकीच, सुमारे ८५ सेंटिमीटर. ओट्याखालचे एक कपाट काढून टाकले तर काही घरांत ते आत जाते. त्यात भांडीही अधिक मावतात. फडताळातले डबे कुठे ठेवायचे, हा प्रश्न मात्र मग उभा राहतो.

तिसरे माप पाण्याचे, आणि याच ठिकाणी पुष्कळ लोक फसतात. यंत्रात पाणी ठराविक जोरानेच यावे लागते. हा जोर 'बार' या एककात सांगतात. बहुतेक यंत्रांना निदान ०.३ ते ०.५ बार लागतो, माहितीपुस्तिकेत आकडा छापलेला असतो. दहा मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा जोर जवळजवळ एक बार, हे सूत्र लक्षात ठेवले की बाकीचा हिशोब तोंडी होतो. तीन मीटरला ०.३, पाच मीटरला ०.५. आता बघा, चार मजली इमारत, गच्चीवर टाकी. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला टाकीचे पाणी बारा-तेरा मीटरवरून येते, त्याला चिंता नाही. पण चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याची टाकी त्याच्या डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर! त्याचे यंत्र पाण्याची वाट पाहत थांबते आणि चुकीचा आकडा दाखवून बंद पडते. यंत्र बिघडले म्हणून तो मेकॅनिकला बोलावतो, मेकॅनिक येऊन सांगतो, "साहेब, मशीन बरोबर आहे, पाणीच नाही." यंत्र घेण्यापूर्वी नळाखाली दहा लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. मिनिटाभरात, फार तर सव्वा मिनिटात भरली तर चिंता नको. चार-पाच मिनिटे लागत असतील तर आधी दाब वाढवणाऱ्या छोट्या पंपाचा खर्च हिशोबात धरा. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आर.ओ. यंत्राच्या नळीला तर हे कधीच जोडू नये, त्यातून पाणी थेंबाथेंबाने येते.

पाण्याचा दुसरा गुण म्हणजे त्यातले क्षार. शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो. ज्यात साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन. मुंबईला येणारे तलावांचे पाणी एकंदरीत सौम्य. पण ज्या वसाहती बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर जगतात, तिथे गीझरच्या कांबीवर पांढरी पुटे चढलेली आपण पाहतोच. तीच पुटे काचेच्या पेल्यांवर आणि यंत्राच्या पोटात चढतात. यावर उपाय यंत्रातच असतो. तळाशी एका टाकीत विशिष्ट राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याऐवजी सोडियम सोडतात. कालांतराने मणी थकतात, तेव्हा मिठाच्या पाण्याने धुऊन त्यांना पुन्हा ताजे करावे लागते. डिशवॉशरमध्ये मीठ घालतात ते यासाठी. भांडी घासायला नव्हे. हे मीठ जाड आणि शुद्ध हवे. जेवणातले बारीक आयोडीनयुक्त मीठ चालत नाही, त्यात मीठ मोकळे राहावे म्हणून घातलेले पदार्थ असतात आणि त्यांनी टाकीचे मार्ग बुजतात. मीठ भरावे तेही धुणे सुरू करण्याच्या अगदी आधी, म्हणजे सांडलेले खारे पाणी लगेच वाहून जाईल. नाहीतर आतला पत्रा गंजतो. काही लहान यंत्रांत ही मिठाची टाकी मुळातच नसते. बोअरचे पाणी असणाऱ्यांनी हे विचारूनच खरेदी करावी.

चौथे माप विजेचे. पाणी तापवण्यासाठी यंत्रात कांब असते, आणि ती चालू असताना सगळे मिळून दोन हजार वॅटपर्यंत वीज लागते. आपला पुरवठा २३० व्होल्टचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह झाला. मिक्सर लावतो तो लहान प्लग सहा अँपिअरचा. त्याला हे पेलणार नाही. सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉवर पॉइंट हवा, त्याला खरोखरीचे अर्थिंग हवे, आणि तो पाण्याच्या तोटीपासून बाजूला, वरच्या अंगाला हवा. लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड लावून ओट्यावरून तार नेणे म्हणजे आगीला निमंत्रण. जुन्या इमारतीत गीझर आणि हे यंत्र एकाच तारेवर येतात का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. येत असतील तर दोन्ही एका वेळी चालवू नयेत.

ही चार मापे जुळली की बसवण्याचे काम फार मोठे नाही. यंत्र पाण्याच्या पातळीने समतल ठेवावे. कललेले असले तर पाणी एका अंगाला साचते. पाणी आत घेणारी नळी कपड्यांच्या यंत्राला असते तशाच पाऊण इंची आट्यांच्या तोटीला बसते, आणि त्या तोटीला तिची स्वतंत्र चावी असावी, म्हणजे गावाला जाताना बंद करता येते. पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीत लोक हमखास घोटाळा करतात. ती सरळ खाली मोरीच्या जाळीत सोडून दिली तर कधी कधी यंत्रातले पाणी आपोआप ओढले जाऊन निघून जाते. आणि गटारातली घाण पाण्यात बुडालेल्या नळीतून उलट वर येण्याची भीती राहते ती वेगळीच. म्हणून त्या नळीला आधी वर चढवून, उंचावर वळसा देऊन, मगच खाली सोडतात. किती उंचीवर, ते पुस्तिकेत दिलेले असते. प्लंबरने "चालतं हो असंच" म्हटले तरी ऐकू नये. मग रिकामे यंत्र एकदा पूर्ण चालवून सगळे सांधे कोरडे आहेत की नाहीत ते हात लावून पाहावे.

भाड्याच्या घरात भिंत फोडायला किंवा नळ बदलायला मालक परवानगी देत नाही. अशांसाठी नळजोड न लागणारी छोटी यंत्रे निघाली आहेत. त्यांच्या डोक्यावरच्या टाकीत आपण जगाने पाच-सहा लिटर पाणी ओतायचे आणि सांडपाण्याची नळी मोरीत सोडायची. दोन माणसांच्या संसाराला किंवा एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला ती पुरतात. पातेल्यांना मात्र त्यांत जागा नसते.

यंत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहिली तक्रार येते: "अहो, हे दोन-अडीच तास लावतं! मी वीस मिनिटांत घासते." तक्रार खरी आहे. हर्बर्ट सिनर या जर्मन संशोधकाने १९५९ साली धुण्याच्या क्रियेचे चार घटक मांडले: रसायन, घर्षण, उष्णता आणि वेळ. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. आपण हाताने घासतो तेव्हा घर्षणाचा जोर मोठा असतो, म्हणून वेळ कमी लागतो. यंत्राला हात नाहीत. ते आठ-दहा लिटर पाणीच पुन्हा पुन्हा फिरवते, ते साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवते, आणि साबणातल्या विकरांना वाळलेला भात व डाळीचे पुट सोडवायला सवड देते. वीज पाऊण ते एक युनिट जाते. हाताने धुताना नळ मिनिटाला सहा लिटर सोडत असेल आणि तो दहा मिनिटे चालू राहिला तर साठ लिटर गेले. ज्या घरात दोन बादल्यांत सगळी भांडी विसळतात, तिथे अर्थात् पाण्याची एवढी बचत होणार नाही. रात्री जेवणे झाल्यावर यंत्र लावून झोपी जावे, सकाळी भांडी तयार; वेळेचा प्रश्न मग उरत नाही.

खरकटे मात्र आधी ताटातून निपटून काढलेच पाहिजे. कढीपत्ता, मोहरी, भाताची शिते गाळणीत अडकतात. ती गाळणी आठवड्यातून एकदा काढून ब्रशने धुवावी. वाट्या पालथ्या ठेवाव्यात, ताटांत ताट घालू नये, पाणी जिथे पोचत नाही तिथे काहीच पोचत नाही. मोरीवरचा भांड्यांचा साबण थेंबभरही घालू नये. त्याचा फेस दारातून बाहेर ओट्यावर येतो.

आता जे मोजमाप टेपने होत नाही त्याकडे वळतो. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, घरातली यंत्रे आली तेव्हा पुरुषांच्या, मुलांच्या आणि नोकरांच्या वाट्याची कामे नाहीशी झाली. गृहिणीच्या वाट्याची मात्र राहिली, उलट नवी भर पडली. हे आपल्याकडेही घडू शकते. पुष्कळ मराठी घरांत आपले ताट आपण उचलून मोरीत नेऊन विसळण्याची शिस्त होती. यंत्र आल्यावर ताट ओट्यावर तसेच राहते, कारण "यंत्र आहे ना!" खरकटे काढणे, भांडी रचणे, मीठ भरणे, गाळणी धुणे, सकाळी सगळे काढून मांडणीवर लावणे, हे सारे एकाच बाईवर येते. यासाठी पहिल्या दिवसापासून नेम करावा: ज्याचे ताट त्याने निपटून जाळीत उभे करायचे, आणि सकाळी यंत्र रिकामे करायचे काम घरातल्या पुरुषाकडे किंवा मोठ्या मुलाकडे. भांडी कशी रचायची हे एकदा शिकले की दहा वर्षांच्या मुलालाही येते.

आणि जी बाई इतकी वर्षे येऊन आपली भांडी घासत आली, तिचे काय? चार-पाच घरची भांडी हाच तिचा पगार असतो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, तरी त्यांच्या नोकरीची शाश्वती आजही मालकिणीच्या शब्दावरच आहे. यंत्र घेऊ नये असे मी म्हणणार नाही. हिवाळ्यात गार पाण्यात हात घालून सांध्यांचे दुखणे ओढवून घेणे हे काही कोणाचे भाग्य नव्हे, तिचेही नव्हे. पण यंत्र दारात आल्यावर तिला "उद्यापासून येऊ नकोस" असे सांगणे बरे नव्हे. ॲल्युमिनियमचे कुकर, तवे, कढया यंत्रात जात नाहीत हे आपण पाहिलेच. झाडलोट आहे, भाजी निवडणे आहे, पोळ्या आहेत. काम बदलून तोच पगार ठेवता येतो का, याचा विचार खरेदीआधी करावा, आणि तसे जमणारच नसेल तर तिला महिना-दोन महिने आधी सांगावे, म्हणजे तिला दुसरे घर शोधता येईल. यंत्राच्या किमतीत हाही खर्च धरावा असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तेव्हा श्रोतेहो, दुकानात जाण्यापूर्वी एक कागद घ्या. मोठ्या ताटाचे माप, ओट्याची खोली आणि दाराला लागणारी जागा, बादली भरायला लागलेला वेळ, पाणी कोठले, पॉवर पॉइंट कोठे, हे त्यावर लिहा. त्याखाली भांडी कोण रचणार आणि कोण काढणार त्यांची नावे घाला. तो कागद घेऊन गेलात, की कंपनी निवडायला दुकानदाराच्या भाषणाची गरज उरणार नाही. आणि मापे जुळत नाहीत असे दिसले, तर एवढ्या हजारांचे खोके घरात आणून त्यावर टोपल्या ठेवण्याची पाळी टळली, हाही फायदाच म्हणायचा.